फाशीचें विष पेशींत कसें शिरतें ?

सायंकाळीं वैरण खाल्लेला बैल सकाळीं दावणीस मेलेला आढळतो. नाकातोंडांतून काळें, न गोठणारें रक्त वाहत असतें. या रोगास आपल्याकडे फाशी म्हणतात. अशा वेळीं कातड्याचे तरी चार पैसे हातीं यावेत, असें धन्यास वाटणें स्वाभाविक आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अशीं जनावरें सोललेलीं आम्हीं पाहिलीं, आणि कोणास हटकलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

हा रोग एका विशिष्ट जंतूपासून होतो, हें रॉबर्ट कॉख यांनीं १८७६ सालीं दाखविलें. परंतु त्या जंतूचें विष रोगी प्राण्याच्या रक्तांत असतें, हें स्मिथ व केपी यांनीं १९५४ सालीं गिनीपिगांवर सिद्ध केलें.

या विषाचे तीन भाग आहेत. एकटा कोणताही भाग अपाय करूं शकत नाहीं. पहिला भाग पेशीच्या आवरणावरील खुंटीस चिकटतो. तेथें जनावराच्या शरीरांतीलच एक द्रव्य त्याचा तुकडा छाटतें, व असे सात-आठ भाग मिळून एक कडें बनतें. त्यास उरलेले दोन भाग बिलगतात. पेशी हें गांठोडें पिशवींत घेऊन गिळते. पिशवींत आम्ल वाढतें. जिरविण्याची पेशीची ती नित्याचीच रीत. पण त्याच आम्लानें कड्याची नळी बनून पिशवीच्या भिंतीस भोंक पडतें आणि दोन्ही भाग आंत उतरतात. एक भाग पेशींतील निरोप पोहोंचविणारीं प्रथिनें तोडतो. दुसरा पाण्याचा तोल बिघडवून सूज आणतो. घरच्याच माणसाकडून दार उघडून घेणाऱ्या चोराची ही युक्ति होय.

लशीचें मर्म येथेंच आहे. मॅक्स स्टर्न यांनीं दक्षिण आफ्रिकेंत १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या लशींतील जंतूस संरक्षक कवच नसतें, म्हणून तो सहसा रोग करीत नाहीं. पण विषाचा पहिला भाग तो निर्माण करितो. त्यास अडविणारीं द्रव्यें रक्तांत आधींच तयार असलीं, म्हणजे उरलेले दोघे बाहेरच राहतात.

म्हणून जेथें फाशी होऊन गेली आहे, तेथें पावसाळ्यापूर्वीं दरसाल लस टोचून घ्यावी. मेलेलें जनावर कदापि सोलूं नये. न फाडलेल्या प्रेतांतील जंतु कुजण्याबरोबर बहुतेक मरतात. परंतु रक्तास हवा लागली कीं ते बीजरूप धारण करून जमिनींत अनेक वर्षें टिकतात, व सोलणाराच्या हातावर काळी पुळी उठते. पशुवैद्यास कळवावें, आणि त्यांच्या देखरेखीखालीं प्रेत जाळावें किंवा खोल पुरावें. कातड्याचे पैसे एकदांच येतात. त्या वावराचें भय नातवांच्या वाट्यास येतें.