मूत्रवाहिनी भोकापाशी संपत नाही

मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी जाते, मूत्राशय भरला की दाबाने मिटते आणि लघवी उलटी चढत नाही, हे गॅलेनलाही ठाऊक होतं. जिवंत जनावरांच्या मूत्रवाहिन्या बांधून त्याने ते दाखवलं. लिओनार्दोने हा तिरका प्रवेश कागदावर उतरवला. पुढची शतकं ओलांडून मी थेट वाल्डायरपाशी येतो. ‘क्रोमोसोम’ हे नाव देणारे हेच ते. १८९२ मध्ये त्यांनी मूत्रवाहिनीभोवतीची जी फट वर्णिली, तिच्यावरून पुढे ‘वाल्डायरचं आवरण’ हे नाव रूढ झालं. तिरक्या प्रवेशाची ही झडप बिघडली तर जंतू वर चढतील, असं १९०३ मध्ये सॅम्पसननी मांडलं, आणि मग बराच काळ सामसूम.

माझा जीव अडकलाय तो तानागो आणि प्यू यांच्या १९६३ च्या निबंधात. मूत्रवाहिनी मूत्राशयात उघडते त्या भोकापाशी संपतच नाही, हे त्यांनी उलगडून दाखवलं. भिंतीतून जाताना तिचे स्नायू उभे, लांबीच्या दिशेने होतात. भोकाशी येताच छताचे तंतू दोन्ही अंगांनी वळून तळाच्या तंतूंना मिळतात, पंख्यासारखे पसरतात आणि दुसऱ्या बाजूच्या तंतूंत मिसळून ट्रायगोनचा, म्हणजे मूत्राशयाच्या तळच्या त्रिकोणाचा, वरचा थर होतात. पुरुषात हा थर मूत्रमार्गातल्या व्हेरूमॉन्टॅनम या उंचवट्यापर्यंत पोचतो, स्त्रीत मूत्रमार्गाच्या बाहेरच्या तोंडापर्यंत. वाल्डायरचं आवरण ट्रायगोनचा खोल थर बनतं आणि मूत्राशयाच्या मानेशी थांबतं.

म्हणून मूत्राशय भरताना ताणला जाणारा ट्रायगोन मूत्रवाहिनीला खाली ओढून धरतो, आणि लघवी होताना तो आकसला की ही ओढ वाढते. झडप नुसती दाबली जात नाही, ती खालून ताणलीही जाते. १९६५ मध्ये तानागो, हच आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षाच घेतली. प्राण्याच्या ट्रायगोनला भोकाच्या जेमतेम ३ मिलिमीटर खाली छेद दिला. भोक वर आणि बाहेर सरकलं, मूत्रवाहिनीचा श्लेष्मल त्वचेखालचा बोगदा आखडला, लघवी उलटी चढू लागली, म्हणजे रिफ्लक्स सुरू झाला. जखम भरली, रिफ्लक्स थांबला. इतका स्वच्छ प्रयोग मी क्वचितच वाचला आहे.

आमच्यातली ‘लांबीवाली’ मंडळी मात्र पॅक्विनच्या १९५९ च्या आकड्यावरून हलत नाहीत. बोगद्याची लांबी व्यासाच्या पाचपट हवी, संपलं! आकडा चुकीचा नाही. पण बोगदा लांब कशामुळे राहतो, हे विचारलं की परिसंवादात चहाची वेळ होते. हचनी १९५२ मध्येच पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांत दाखवून दिलं होतं की मागचा स्नायूंचा आधार सुटला की मूत्रवाहिनी बाहेर सरकते आणि तिरकेपणच उरत नाही. तो निबंध मुळातून वाचलेले किती निघतील?

रिफ्लक्सवरच्या शस्त्रक्रियांचा इतिहास मी पळतच सांगतो: पोलिटानो-लेडबेटर १९५८, नंतर लिख आणि ग्रेग्वार, मग १९७५ मध्ये कोहेन. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या भ्रूणांत दाखवलं की ट्रायगोनचा बहुतेक स्नायू मूत्रवाहिनीतून येत नाही, तो मूत्राशयाचाच असतो. तो शोधनिबंध माझ्यापुढे नाचवला गेला. काम उत्तमच आहे, आणि ‘ट्रायगोन म्हणजे मूत्रवाहिनीचाच विस्तार’ ही जुनी मांडणी त्याने खिळखिळी केली. पण स्नायू कुणाच्या पोटी जन्मला आणि कोण कुणाला धरून आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मूत्रवाहिनीचे तंतू त्या स्नायूत घुसून पकड घेतात, हे उंदरांतही दिसलंच. ओढ तिथेच आहे.

ही ओढ बोटांना कळते, पडद्यावर कळत नाही. फॉर्मॅलिनमध्ये कडक झालेल्या मूत्राशयात थर एकमेकांना चिकटून बसतात. ताजा नमुना पुढून उघडून, ट्रायगोनवरची श्लेष्मल त्वचा सोलून मूत्रवाहिनी वरून हलकेच ओढली, की मानेपर्यंत तंतू ताणलेले दिसतात. आमचे विद्यार्थी हे शवविच्छेदनगृहात उभं राहून करायचे. १९९७ च्या अभ्यासक्रमाने एमबीबीएसचा पहिला टप्पा दीड वर्षावरून एका वर्षावर आणला, आणि सर्वांत आधी श्रोणीचं विच्छेदन आटोपतं घ्यायला लागलं. आता रेसिडेंट दुर्बिणीतून रोज ते भोक बघतो, त्यातून वायर सरकवतो, स्टेंट बसवतो. भोकाखाली दोन थर कोणते, असं विचारलं तर तो नम्रपणे मोबाइल काढतो.