वकिलाकडे जाण्याआधी

मे १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचा पाय मोडला. त्याला पुण्याला आणले; काही दिवसांत तो गेला. वडील स्वतः डॉक्टर. निष्काळजीपणाचा दावा त्यांनी लावून धरला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १९६८ साली!

आज वाट जवळची आहे. १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. मात्र मुदत दोन वर्षांची. बारामती-इंदापूरकडे दिवसकार्य, उसाची तोड, घरातले लग्न यांत ती कधी सरते, कळत नाही.

माझे आयुष्य बँकेत गेले. व्हाउचरशिवाय नोंद नाही. वकिलाचेही तसेच. पुण्याची एसटी पकडण्याआधी लेखी अर्ज देऊन केसपेपर मागा. ७२ तासांत देण्याचा नियम आहे. रिपोर्ट, बिले तारखेनुसार लावा. कोणत्या दिवशी काय घडले, ते एका पानावर लिहा. त्यात राग नको. फी आधीच विचारा.

वकील म्हणाला, 'यात दावा होत नाही,' तर तेही ऐका. प्रत्येक मृत्यू निष्काळजीपणाचा नसतो. पण आपले माणूस कशाने गेले, हे निदान घराला कळते.