बादली, बैठक आणि बाजरी

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या अनेक वसतिगृहांत सकाळचं वेळापत्रक गरम पाणी ठरवतं. गच्चीवरच्या सौर बंबातलं पाणी आदल्या दिवशीच्या उन्हात तापलेलं असतं. लवकर उठणाऱ्यांच्या बादल्या भरल्या की मागच्यांच्या वाट्याला कोमट, मग गार. त्यामुळे एरवी आठपर्यंत अंथरुणात लोळणारी मुलंही सहाला टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत दिसतात.

ही थंडी मात्र ऊन चढेपर्यंतच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, टेकड्यांच्या सोबतीनं वसलेलं. हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्यानं उष्णता सोडते आणि गार, जड हवा सखल भागात साचते. म्हणून जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर, तर दुपारी तिशीच्या आसपास. १७ जानेवारी १९३५ रोजी तो १.७ अंशांपर्यंत उतरला होता. सकाळच्या तासाला अंगात असलेला स्वेटर दुपारी कमरेला येतो, तो पहाट-दुपारच्या या फरकामुळेच.

या दोन टोकांच्या मधलं कोवळं ऊन विद्यार्थ्यांचं खास आवडतं. गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांहून मोठा, जुन्या झाडांनी भरलेला. सावलीतला गारवा तिथे उशिरापर्यंत टिकतो. जयकर ग्रंथालयात तास-दीड तास वाचायचं, बाहेर येऊन पाठ शेकायची, चहा घ्यायचा आणि पुन्हा पुस्तकात शिरायचं. सत्र परीक्षा आणि सबमिशनचे दिवस याच लयीत सरतात.

खिशाला परवडणारा खाऊही याच दिवसांतला. तिखट-मीठ लावलेला पेरू, बोरं, ओल्या हरभऱ्याची जुडी. सोलापूर-मराठवाड्याकडची मुलं सुट्टीवरून परतताना ज्वारीचा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी आणतात; खोलीचं दार लावायच्या आत डब्याभोवती कोंडाळं जमतं.

पहाटे वेताळ टेकडी किंवा फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी. भरतीची तयारी करणारे धावायला येतात, बाकीचे गप्पा मारत चढतात. वरून धुक्याच्या थराखालचं शहर दिसतं आणि उतरल्यावर अमृततुल्यच्या चहाची तलफ अनावर होते.

डिसेंबरात ‘सवाई’ येतो. गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. पूर्वी मैफली रात्रभर चालत. ध्वनिक्षेपकाच्या वेळेची बंधनं आल्यावर त्या आवरत्या घ्याव्या लागल्या. स्वस्त तिकिटाची भारतीय बैठक हे विद्यार्थ्यांचं हक्काचं ठिकाण. शाल, सतरंजी, घरचा डबा घेऊन ते बसतात. शास्त्रीय संगीताची गोडी इथेच लागली, असं सांगणारे कितीतरी पुणेकर भेटतात.

जानेवारीत भोगी. त्या दिवशी मेसच्या ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा घातलेली मिसळीची भाजी आणि लोण्याचा गोळा येतो. एरवी मेसच्या जेवणाला नावं ठेवणारेही दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतात. दुसऱ्या दिवशी संक्रांत. घरून आलेले तिळाचे लाडू मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत पोचतात. मणिपूर किंवा अफगाणिस्तानातून शिकायला आलेल्या मुलांना ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ म्हणायला शिकवलं जातं, आणि संध्याकाळपर्यंत तीही हातात डबा घेऊन दारोदार फिरत असतात.