यादीतून हरवलेला ‘ळ’

निवडणूक लागली की बेळगावात तीन धंद्यांना बरकत येते, असे आमचे मालक म्हणतात. मंडपवाले, खानावळवाले आणि कॉम्प्युटरवाले. पूर्वी तिसरा मान भिंती रंगविणाऱ्या पेंटरांचा होता. पण १९९० ते १९९६ या काळात टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी आचारसंहितेचा बडगा उगारला आणि भिंती हळूहळू पांढऱ्या राहू लागल्या. मग कापडी फलक गेले, छापील फ्लेक्स आले, आणि आता तर सारा प्रचार खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे.

टिळकवाडीतील कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात मी काम करतो. ७ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मी आयुष्यातले पहिले मत दिले. त्याआधीच्या तीन आठवड्यांत दुकानात जे पाहिले आणि माझ्या हातून जे झाले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. सीमाप्रश्नावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तो प्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा, माझ्या वडिलांपेक्षाही वयाने मोठा. मला लिहायचे आहे ते फक्त एका अक्षराबद्दल.

चिठ्ठ्यांचा कारखाना

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या दुकानात सर्वांत जास्त काय खपले असेल, तर तळहाताएवढे प्रिंटर. हे मोबाईलला बिनतारी जोडले जातात. त्यांना शाई लागत नाही; उष्णतेने काळा पडणारा कागदाचा रोल घातला की झाले. कार्यकर्ता दारात उभा राहून घरातल्या माणसाचे नाव मोबाईलमध्ये शोधतो आणि क्षणात चिठ्ठी बाहेर येते: मतदाराचे नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक, मतदान केंद्राचा पत्ता. पूर्वी या कामासाठी गल्लीतली पोरे रात्रभर जागून यादीवरून चिठ्ठ्या लिहीत असत.

जुने लॅपटॉप भाड्याने देणे, बंद पडलेले प्रिंटर जागेवर जाऊन चालू करणे आणि मतदारयादी त्या प्रचाराच्या प्रणालीत भरून देणे, ही कामे माझ्याकडे होती. कोणत्याही पक्षाचा असो, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. सगळ्यांची एकच मागणी, ‘चिठ्ठी मराठीत निघाली पाहिजे. आमचा मतदार मराठी आहे.’ मलाही ते ऐकून बरे वाटे. मी मशीन लावून दिली आणि चिठ्ठ्या धडाधड निघू लागल्या.

त्यांतलीच एक चिठ्ठी शहापूरला आमच्या घरी आली. आजी चौथीपर्यंत शिकलेली. उभे आयुष्य तिने विणकरांच्या कांड्या भरण्यात घातले, पण वर्तमानपत्र रोज वाचते. तिने चिठ्ठी उजेडात धरली, दोनदा वाचली आणि माझ्यापुढे ठेवली.

‘‘हे आमचं न्हवं रे. दुसऱ्या कुणाचं तरी दिसतंय.’’

मी पाहिले. क्रमांक तिचाच होता, वय तिचेच होते. आडनावातला ‘ळ’ मात्र गेला होता आणि त्या जागी ‘ल’ येऊन बसला होता. तिच्या स्वतःच्या नावातही तेच. चिठ्ठीवरची बाई खरोखरच दुसरी कोणी तरी वाटत होती. ती चिठ्ठी मीच लावून दिलेल्या मशीनमधून निघाली होती, हे आजीला सांगण्याचे धाडस त्या रात्री मला झाले नाही.

चोर कोण?

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून शोध घेतला. पहिला संशय साहजिकच कन्नडवर गेला. खरे सांगायचे तर आपल्याकडे संशयाला जायला तोच एक रस्ता ठाऊक आहे. मूळ यादीतली कन्नड नोंद काढली. तिथेही ‘ल’च होता. झाले, चोर सापडला, असे मला वाटले.

माझा सहकारी गोकाककडचा, कन्नड माध्यमात शिकलेला. तो हसला. म्हणाला, ‘‘आमच्यातही ळ आहे की! हळ्ळी कशी लिहितात? हुब्बळ्ळी? बेळगावी?’’ त्याचे म्हणणे खरे होते. कन्नडमध्ये ‘ळ’ पावलोपावली भेटतो. कन्नड माणसाने ऐकून नाव लिहिले असते, तर आजीचा ‘ळ’ शाबूत राहिला असता.

मग मला माझाच अर्ज आठवला. नवीन मतदाराचा नमुना क्रमांक ६ मी याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरला होता. नाव इंग्रजीत टाईप केले की शेजारच्या रकान्यात कन्नड नाव आपोआप उमटते. ते तपासून दुरुस्त करण्याची सोय असते. मला कन्नड वाचता येते, शाळेत ती भाषा होती. तरी मी न वाचताच पुढे ढकलले. माझा ‘ळ’ माझ्याच हातून गेला होता.

म्हणजे चोर होता तो मधला दुभाषी. रोमन लिपीत ल आणि ळ यांना एकच अक्षर. त आणि ट, द आणि ड, न आणि ण यांचीही तीच गत. काळे यांचे नाव त्या वाटेने गेले की परतताना काले होते, दळवींचे दलवी होते, आणि कदमांचे कधी कधी कडम. मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी राहतात, दोघींच्या घरात हे सगळे ध्वनी आहेत. पण एकीचा निरोप दुसरीला सांगायला आपण असा दुभाषी नेमला, ज्याला यांतला फरक ऐकूच येत नाही. कन्नड यादीत नाव बिघडले ते त्याच्यामुळे, आणि ‘मराठी अस्मिते’च्या चिठ्ठीत बिघडले तेही त्याच्यामुळेच.

कपाटातले हिरवे कार्ड

मी ही हकिकत मालकांना सांगितली. त्यांनी काही न बोलता मागचे कपाट उघडले आणि धुळीने माखलेले, हातभर लांबीचे एक हिरवे कार्ड माझ्यापुढे ठेवले. ते होते पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड. १९९०च्या दशकात मालक पत्रिका, हँडबिले आणि संस्थांची सभासदांची यादी करून देत, तेव्हाचे.

त्या काळचा कॉम्प्युटर भारतीय लिप्या जाणत नसे. हे कार्ड त्याच्या पोटात खोचले की पडद्यावर देवनागरी उमटे, कन्नडही उमटे. त्यामागे इस्की नावाची संकेतपद्धती होती. भारतीय मानक म्हणून तिला १९९१ मध्ये मान्यता मिळाली. तिची कल्पना मोठी सुंदर होती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत ‘क’ हा ‘क’च आहे, फक्त त्याचा पोशाख वेगळा. म्हणून मशीनने ‘क’ एकाच संकेताने साठवायचा आणि दाखविताना हव्या त्या लिपीत दाखवायचा. मालक सांगत होते, ‘‘नाव एकदा कन्नडमध्ये भरायचे आणि लिपी बदलली की तेच मराठीत. मधे इंग्रजीचे कामच नव्हते.’’

आज ते कार्ड कोणत्याही मशीनमध्ये बसणार नाही. तशी खाचच आता येत नाही. पण त्यातला विचार मेलेला नाही. सध्या सर्व जगात चालणाऱ्या युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी त्याच धर्तीवर केली. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. देवनागरी ‘ळ’ २३५५, कन्नड ‘ळ’ ३२५१. वाचकांनी वजाबाकी करून पाहावी. दोन्ही वेळा ८९६ च येतात. ऱ्हस्व-दीर्घ ए, ओ असे काही अपवाद सोडले, तर कन्नड यादीची मराठी यादी करणे म्हणजे अक्षरागणिक ८९६ वजा करणे. अट एकच, मूळ कन्नड नोंद बरोबर पाहिजे.

यादी कोणत्या भाषेत अथवा भाषांत काढायची, हे ठरविण्याचा अधिकार १९६० च्या मतदार नोंदणी नियमांनी निवडणूक आयोगाला दिला आहे. तेव्हा ‘मशीनला जमत नाही’ ही सबब कोणी सांगू लागला, तर आम्हा दुरुस्तीवाल्यांकडे पाठवावे. मशीनला हे तीस वर्षांपूर्वीही जमत होते.

चारशे छप्पन्न नावे

आमच्या मागच्या पिढीने निषेधासाठी निवडणुकीच्या यंत्रणेचाच उपयोग केला होता. १९८५ च्या विधानसभेला बेळगाव मतदारसंघात ३०१ उमेदवार उभे होते आणि १९९६ च्या लोकसभेला ४५६. मतपत्रिका इतकी लांबवायची की दिल्लीला तिच्याकडे पाहावेच लागेल. मालकांनी त्या दोन्ही वेळा मतदान केले होते. नाव शोधता शोधता मागची रांग कशी ओरडत होती, हे ते अजून रंगवून सांगतात.

त्यानंतर १९९६ मध्येच कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० वरून १० हजार रुपये झाली. आज ती खुल्या गटासाठी २५ हजार आहे. कागदाच्या जागी मशीन आली. एका मतदान यंत्रावर १६ नावे मावतात. जुन्या बनावटीत अशी चार यंत्रे, म्हणजे ६४ नावे जोडता येत. २०१९ मध्ये बेळगावात ५७ उमेदवार होते, ते त्यात कसेबसे बसले. त्याच वर्षी तेलंगणात निजामाबादला शेतकऱ्यांच्या निषेधामुळे १८५ उमेदवार झाले, तेव्हा नव्या बनावटीची बारा यंत्रे एकाला एक जोडावी लागली. या नव्या बनावटीची मर्यादा २४ यंत्रांची, म्हणजे ‘नोटा’ धरून ३८४ नावांची. आमची १९९६ ची ४५६ नावे तिच्यातही मावली नसती.

त्या निषेधाचा मला अभिमान आहे. परंतु मनात येते, ज्या गावाने ४५६ नावे मतपत्रिकेवर चढविली, त्या गावाने स्वतःची नावे यादीत नीट आहेत की नाहीत, हे का पाहू नये?

मतदानाला चार दिवस उरले असताना एका उमेदवाराचे प्रचारप्रमुख दुकानात आले. मी म्हटले, ‘‘काका, चिठ्ठीत ‘ळ’चा ‘ल’ होतोय. दोन दिवस द्या, दुरुस्त करतो.’’ ते म्हणाले, ‘‘नंबर बरोबर आहे ना? मग झालं. नाव बघून कोण मत घालतोय?’’ त्यांच्या हिशेबाने ते चुकले नव्हते. संध्याकाळी त्यांचीच जीप आमच्या गल्लीतून गेली. भोंग्यावर मराठीच्या रक्षणाची हाक होती. आजीने खिडकी लावून घेतली.

आजीचे मत

त्या रात्री मी, आजी आणि मालक वही घेऊन बसलो. आमच्या भागातली आडनावे एकेक करून वाचली. ‘Kale’ असे इंग्रजी लिहिले असेल तर तो काळे की काले, हे कोणत्याही मशीनला कळणार नाही. ते गल्लीतल्या म्हातारीलाच ठाऊक. आजी सांगत गेली, मी लिहीत गेलो. दोनशेच्या वर नावे झाली. ती वही प्रणालीला जोडली आणि आमच्या भागाच्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. पैसे कोणाकडे मागितले नाहीत. आजीने नवी चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. ‘‘हां. आता हे आमचं,’’ एवढेच म्हणाली.

मतदान केंद्रातल्या यादीत अर्थातच जुनीच नोंद होती. अधिकाऱ्याने ‘ल’ लावून नाव पुकारले. लिहिण्यातल्या किरकोळ चुकीसाठी मतदाराला परत पाठवायचे नसते, म्हणून अडले काही नाही. आजीने उत्तर दिले, पण आधी स्वतःचे नाव ‘ळ’ लावून मोठ्याने म्हणून दाखविले. अधिकारी कन्नड भाषक होते. त्यांनी मान वर केली आणि तिच्यामागून बरोबर उच्चारले. मग शाई लागली, मशीन वाजली.

निकालानंतर मी आमच्या घरातल्या सर्वांचे दुरुस्तीचे नमुना क्रमांक ८ भरले. कन्नड रकाना या वेळी आपोआप भरू दिला नाही. प्रमाणित भारतीय कळफलक लावून स्वतः टाईप केला. त्या कळफलकावर मराठी आणि कन्नडची अक्षरे एकाच जागी आहेत. ‘ल’ आणि ‘ळ’ तर एकाच कळीवर. शिफ्ट न दाबता ‘ल’, दाबून ‘ळ’. दोन्ही भाषांत तसेच. काही आठवड्यांनी नोंदी दुरुस्त होऊन आल्या.

यापुढे जो कोणी मत मागायला दारात येईल, त्याचा पक्ष मी विचारणार नाही. त्याच्या हातातली चिठ्ठी आजीला वाचायला देईन. आणि माझ्या वयाच्या मतदारांना एवढेच सांगणे आहे की मोबाईल उघडा, यादीतले घरातल्या सर्वांचे नाव वाचा आणि वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चूक निघाली तर अर्ज भरा. फरक एक कळ जास्त दाबण्याचा आहे, पण ती दाबायला कोणी तरी बसले पाहिजे.