स्कॉर्पिओ-एन की एक्सयूव्ही ७००? सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

पवन मावळात कुटुंबासाठी मोठी गाडी घ्यायचं ठरलं की महिंद्राच्या दोन गाड्यांची नावं हमखास निघतात: स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७००. दोन्ही तयार होतात आपल्याच जिल्ह्यात, चाकणच्या कारखान्यात. तिकोणा पेठेतून कामशेत, वडगाव, तळेगाव करत निघालं की दोन तासांच्या आत तिथे पोहोचता येतं. पण गाडी इतकी जवळ तयार होत असली, तरी तिच्याविषयीची माहिती बरेचदा ऐकीव असते. ‘शेजाऱ्याने घेतली, चांगली आहे म्हणतो’ एवढ्यावर आयुष्यातला दुसरा-तिसरा मोठा खर्च केला जातो. म्हणून या दोन गाड्यांविषयी पुन्हा पुन्हा ऐकू येणारे सात समज तपासून पाहू.

आधी ओळख. एक्सयूव्ही ७०० ऑगस्ट २०२१मध्ये आली, स्कॉर्पिओ-एन जून २०२२मध्ये. जानेवारी २०२६मध्ये एक्सयूव्ही ७००ची सुधारित आवृत्ती ‘एक्सयूव्ही ७एक्सओ’ या नावाने आली. खाली दिलेले आकडे एक्सयूव्ही ७००चे आहेत. रस्त्यावर आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आज तीच मोठ्या संख्येने दिसते.

गैरसमज १ : कंपनी एक, इंजिन एक, म्हणजे गाडीही एकच, फरक फक्त दिसण्याचा

वस्तुस्थिती : दोन्ही गाड्यांत २.२ लिटरचं एमहॉक डिझेल आणि २ लिटरचं एमस्टॅलियन टर्बो पेट्रोल, याच घराण्यातली इंजिनं आहेत, हे खरं. पण त्यांची जुळणी वेगळी आहे. एक्सयूव्ही ७००चं वरच्या व्हेरियंटमधलं डिझेल १८५ पीएस ताकद देतं, स्कॉर्पिओ-एनचं १७५. स्कॉर्पिओ-एनच्या सुरुवातीच्या व्हेरियंटमध्ये तेच डिझेल १३२ पीएसचं आहे. ‘स्कॉर्पिओ-एन डिझेल’ एवढंच सांगून गाडी बुक केली, तर सात माणसं घेऊन घाट चढताना हा फरक चांगलाच जाणवेल.

खरा फरक मात्र इंजिनाखाली आहे. स्कॉर्पिओ-एन चासीवर उभी आहे. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे, आणि या सांगाड्यावर बसवलेली बॉडी. इंजिन लांबीत बसवलेलं आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते. एक्सयूव्ही ७००ला अशी वेगळी चासी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा, म्हणजे मोनोकॉक. इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्या चाकांना. गाडी खड्ड्यात कशी वागेल, वळणावर किती झुकेल, चिखलात कुठे अडेल, हे सगळं इथून ठरतं.

गैरसमज २ : स्कॉर्पिओ-एन जास्त मोठी गाडी आहे

वस्तुस्थिती : ती उंच आहे, म्हणून मोठी वाटते. तिची उंची १,८५७ मिलिमीटर, एक्सयूव्ही ७००ची १,७५५. म्हणजे फरक सुमारे दहा सेंटिमीटरचा. लांबीत मात्र एक्सयूव्ही ७०० पुढे आहे: ४,६९५ मिलिमीटर, तर स्कॉर्पिओ-एन ४,६६२. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हींत अगदी सारखं, २,७५० मिलिमीटर. रुंदीत स्कॉर्पिओ-एन २७ मिलिमीटरने जास्त आहे. गावातल्या गल्लीत एवढ्याने काही अडत नाही.

उंचीचे दोन परिणाम घरातल्यांना रोज जाणवतात. चालकाला समोरचं लांबपर्यंत दिसतं, हा फायदा. आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला चढायला-उतरायला त्रास होतो, हा तोटा. गाडी पाहायला जाताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या.

गैरसमज ३ : एसयूव्ही म्हणजे फोर बाय फोर, कुठेही घाला

वस्तुस्थिती : मावळातल्या पावसाळ्यात सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. एसयूव्ही या शब्दाचा चारही चाकांच्या ताकदीशी संबंध असेलच असं नाही. जीएसटीसाठी मोठ्या गाड्यांचा वर्ग ठरवतानासुद्धा लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १,५०० सीसीपेक्षा मोठं आणि रिकाम्या गाडीखालची जागा किमान १७० मिलिमीटर, हे निकष धरले गेले. फोर बाय फोरचा त्यात उल्लेखही नाही. दोन्ही गाड्यांची बहुतेक व्हेरियंट दोनच चाकांवर चालतात.

आता पेठेच्या डांबरी रस्त्यावरून धरणाच्या बाजूला उतरणारी एखादी कच्ची वाट घ्या. जुलै महिना, लाल माती, वर गवताचा पातळ थर. उतरताना गाडी सहज जाते. संध्याकाळी तीच वाट चढायची असते. चढावर गाडीचा भार मागे सरकतो. तिसऱ्या रांगेत माणसं आणि मागे सामान असलं की आणखी सरकतो. अशा वेळी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एक्सयूव्ही ७००ची पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवरच फिरू लागतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्कॉर्पिओ-एनला तोच भार मदत करतो. पण माती पूर्ण ओली असेल तर तीही फार पुढे जात नाही. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच असतो.

दोन्ही गाड्यांत चारही चाकांची सोय फक्त काही डिझेल व्हेरियंटमध्ये आहे, आणि तीही सारखी नाही. एक्सयूव्ही ७००ची ऑल व्हील ड्राइव्ह यंत्रणा आपोआप काम करते. पुढची चाकं घसरू लागली की मागच्यांना ताकद मिळते. निसरड्या रस्त्यासाठी ती चांगली, पण तिला लो रेंज नाही. स्कॉर्पिओ-एनच्या ‘फोर एक्सप्लोर’मध्ये लो रेंज आहे, म्हणजे अगदी कमी वेगात चाकांना कितीतरी जास्त जोर देणारा वेगळा गिअर. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं बांधावर अशा अवस्थेत चासी आणि मागचा अखंड अ‍ॅक्सल पिळवटणं जास्त सोसतात. शेतात, बांधकामावर, कॅम्पच्या जागेवर बारा महिने जाणाऱ्यासाठी ही खरी कामाची गोष्ट आहे. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळणं घेऊ नयेत. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण यंत्रणेवर येतो.

गैरसमज ४ : फोर बाय फोर असली की पावसात घाटाची चिंता नाही

वस्तुस्थिती : चार चाकांची ताकद गाडी पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात आणि गाडी थांबते ती टायरच्या पकडीने. दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडे जाताना किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना ओल्या वळणावर जास्त वेगाने गेलात, तर टू व्हील आणि फोर व्हील दोन्ही सारख्याच घसरतील. उंच गाडीचा गुरुत्वमध्यही वर असतो, त्यामुळे झटक्यात स्टिअरिंग फिरवल्यावर ती जास्त झुकते. इथे बुटकी आणि मोनोकॉक बांधणीची एक्सयूव्ही ७०० जास्त स्थिर वाटते, आणि द्रुतगती मार्गावर तर हा फरक सहज कळतो.

घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. आणि पावसाळ्याआधी टायर तपासा. झिजलेल्या टायरची भरपाई कुठलंही महागडं व्हेरियंट करू शकत नाही.

गैरसमज ५ : जड, चासीवाली गाडी जास्त सुरक्षित, दोघींना पाच स्टार म्हणजे दोघी सारख्या

वस्तुस्थिती : अपघातात वजनापेक्षा महत्त्वाचं असतं ते धडकेचा जोर गाडीने कसा पचवला आणि माणसं बसतात तो कप्पा किती शाबूत राहिला. म्हणून चाचण्या बघायच्या. पण त्याही नीट वाचायला हव्यात.

गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने नोव्हेंबर २०२१मध्ये एक्सयूव्ही ७००ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार (१७पैकी १६.०३ गुण) आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार स्टार (४९पैकी ४१.६६) दिले. स्कॉर्पिओ-एनला डिसेंबर २०२२मध्ये मोठ्यांसाठी पाच स्टार (३४पैकी २९.२५) आणि मुलांसाठी तीन स्टार (४९पैकी २८.९३) मिळाले. मधल्या काळात, जुलै २०२२पासून, चाचणीचे नियम कडक झाले होते. बाजूने बसणारी धडक, पादचाऱ्यांची सुरक्षा, घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा यांचाही विचार होऊ लागला. त्यामुळे हे गुण एकमेकांसमोर ठेवून टक्केवारी काढणं चुकीचं आहे. स्कॉर्पिओ-एनने जास्त अवघड परीक्षा दिली, हे तिच्या बाजूचं. आणि लहान मुलं असलेल्या घराने मुलांचे स्टार वेगळे बघावेत, हेही तितकंच खरं.

२०२३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एएनकॅपने स्कॉर्पिओ-एनला शून्य स्टार दिले आणि गदारोळ झाला. तिथल्या चाचणीत आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि लेन सांभाळणाऱ्या यंत्रणांना मोठं वजन आहे. त्या गाडीत त्या नव्हत्या, म्हणून सहायक यंत्रणांच्या विभागात तिला शून्य टक्के मिळाले. ‘गाडी मोडकी आहे’ असा त्याचा अर्थ नाही, आणि ‘परदेशी चाचणी आहे, सोडून द्या’ असं म्हणणंही बरोबर नाही. ही अ‍ॅडास यंत्रणा एक्सयूव्ही ७००च्या वरच्या व्हेरियंटमध्ये सुरुवातीपासून होती. स्कॉर्पिओ-एनमध्ये ती २०२५मध्ये सर्वांत वरच्या व्हेरियंटला मिळाली. द्रुतगती मार्गावर तिचा उपयोग आहे. पवनानगरच्या रस्त्यावर, जिथे पट्टे पुसलेले असतात आणि गुरं आडवी येतात, तिथे तिच्यावर विसंबू नका.

आणि एवढे सगळे स्टार पट्टा लावलेल्या माणसासाठीच असतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघेही वाचले नाहीत. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे.

गैरसमज ६ : सात सीट म्हणजे सात माणसं आणि सगळं सामान

वस्तुस्थिती : तिसरी रांग उघडी असताना दोन्ही गाड्यांत मागे थोड्या पिशव्यांपुरतीच जागा उरते, स्कॉर्पिओ-एनमध्ये तर फारच कमी. एक्सयूव्ही ७००ची तिसरी रांग अर्धी-अर्धी वेगळी आणि सपाट दुमडते. त्यामुळे सहा माणसं आणि बऱ्यापैकी सामान, असा मधला मार्ग निघतो. स्कॉर्पिओ-एनची तिसरी सीट अखंड आहे. ती पुढे उलटते, पण पूर्ण सपाट होत नाही. तांदळाची पोती आडवी टाकून न्यायची असतील तर हा फरक लक्षात ठेवा.

तिसरी रांग दोन्हींत मुलांसाठी किंवा लहान अंतरासाठी आहे. मात्र अगदी लहान मुलाची सीट दुसऱ्या रांगेतच, आयसोफिक्सच्या आकड्यांना अडकवून बसवावी. टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या रांगेत स्वतः बसा. गुडघे कुठे येतात, एसीची हवा पोहोचते का, दार उघडल्यावर बाहेर पडायला किती वेळ लागतो, ते बघा.

गैरसमज ७ : गावाकडे डिझेलच परवडतं आणि कंपनी सांगते ते मायलेज मिळतंच

वस्तुस्थिती : बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी डीपीएफ जाळी असते. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी बराच वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. रोज पेठेतून पवनानगर आणि परत, एवढंच चालणं असेल तर जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपची फेरी होते. आठवड्यातून एकदा पुणे किंवा मुंबई असेल तर डिझेल उत्तम. फिरणं कमी आणि जवळचं असेल तर पेट्रोलचा विचार नक्की करा. पेट्रोल जास्त लागलं तरी ही कटकट नाही.

छापील मायलेज प्रयोगशाळेत, रोलरवर ठरावीक पद्धतीने गाडी चालवून काढतात. तिथे चढ नसतो, तिसऱ्या रांगेतले पाहुणे नसतात. मावळातल्या रस्त्यावर त्याहून कमीच मिळणार, असं धरून हिशेब करा.

मग कुठली घ्यावी?

मावळातल्या बहुतेक कुटुंबांचं गाडीचं काम असतं डांबरी रस्त्यावरचं: शाळा, बाजार, पुण्याचा दवाखाना, लग्नकार्य, पंढरपूर नाहीतर कोकण. त्यांच्यासाठी एक्सयूव्ही ७०० ही जास्त योग्य गाडी आहे. ती कमी झुकते, आजी-आजोबांना चढायला सोपी आहे, सामानाची सोय बरी आहे आणि मुलांच्या सुरक्षेत तिला चांगले स्टार मिळाले आहेत.

ज्यांना शेत, गोठा, कॅम्प किंवा बांधकामाच्या कच्च्या वाटेवर पावसाळ्यातही जायचंच आहे, त्यांनी स्कॉर्पिओ-एन घ्यावी, पण फोर बाय फोर डिझेलच. नुसत्या नावासाठी टू व्हील स्कॉर्पिओ-एन घेऊन ती चिखलात घालण्यात अर्थ नाही.

बुकिंगआधी एकच करा. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या रस्त्यावर उरकू नका. घरातल्या सगळ्यांना बसवा, तुमच्या रोजच्या रस्त्यावर, तुमच्या नेहमीच्या चढावर गाडी चालवून बघायचा आग्रह धरा. आणि जी कुठली गाडी घ्याल, तिच्यात तिसऱ्या रांगेतल्या माणसानेही पट्टा लावल्याशिवाय ती सुरू करू नका.