डॉक्टरांचे पेन आणि १४ आकडी नंबर

आपल्या घरांत आजारपणाचा सारा इतिहास एका प्लास्टिकच्या पिशवीत असतो. जुन्या चिठ्ठ्या, साखरेचे रिपोर्ट, पुसट झालेला ईसीजी. पिशवी कुठे आहे ते फक्त अम्मीला ठाऊक. अम्मीलाच रात्री हॉस्पिटलात न्यावे लागले की शोधाशोध सुरू होते.

ही धावपळ टळावी म्हणून केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यातला १४ आकडी ‘आभा’ नंबर आपल्यापैकी अनेकांनी काढला. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना तो सांगितला, तर ते हसतात आणि पेन उचलतात.

त्यांना जुन्या वळणाचे म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. हेच डॉक्टर व्हॉट्सॲपवर एक्स-रे पाहतात. अडचण हिशोबाची आहे. बाकावर संध्याकाळची गर्दी. चिठ्ठी लिहून होते तेवढ्यात पेशंटचे नावही टाईप होत नाही. संगणकाचा आणि नोंदी करणाऱ्या मुलाचा खर्च त्यांचा, फायदा पुढच्या मोठ्या हॉस्पिटलचा. फी वाढवली तर कुरकुरणार आपणच! ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांकडे १९९० च्या दशकातच संगणक आले, पण तिथे खर्चाचा वाटा सरकारने उचलला होता.

दुसरी अडचण भरवशाची. लग्न ठरत असलेल्या मुलीचा टीबी डॉक्टर कागदावरही मोघम लिहितात. पडद्यावर तो कोण कोण वाचेल? नियमाप्रमाणे आभा ऐच्छिक आहे, नोंदी त्या त्या दवाखान्याकडेच राहतात आणि पेशंटच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दिसत नाहीत. ठीक. पण संमतीचा ओटीपी ज्या फोनवर येतो, तो आपल्याकडे बहुधा नवऱ्याच्या नाहीतर थोरल्या मुलाच्या खिशात असतो. मग संमती कोणाची?

तरीही कागदाची किंमत पेशंटच मोजतो. दादीला हृदयाचे डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी देतात, गुडघ्यासाठी दुसरीकडून वेदनाशामक येते. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. रमजानमध्ये दादीच्या साखरेच्या गोळ्या कशा बदलायच्या, हे तर फक्त जुन्या डॉक्टरांच्या डोक्यात. त्यांनी दवाखाना बंद केला की तेही गेले.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची आणि न मानवणाऱ्या औषधांची यादी त्यांच्याकडूनच तपासून घ्या, तिचा फोटो दोघातिघांच्या फोनमध्ये ठेवा. आणि अम्मीचा आभा अम्मीच्याच मोबाइलला जोडा.