बारावीचं इंग्रजी आणि ‘मला येतंय’चा भास

माझी मामेबहीण आळेफाट्याला बारावीत आहे. इंग्रजीची चाचणी तोंडावर आलीय आणि तिचा प्रश्न असा: ‘ताई, गाईडमधलं ग्रामर तीनदा वाचलं, सगळं कळतं. पण पेपरात वाक्य बदलायला सांगितलं की हात थांबतो. असं का?’ तिला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण पेटची किंवा नेटची तयारी करणाऱ्यांनाही त्यातून मोजमापाबद्दल काहीतरी मिळेल.

आधी वाक्यच बघू. ‘ॲज सून ॲज द बस रीच्ड आळेफाटा, शी गॉट डाउन.’ हे ‘नो सूनर’ने सुरू करायचंय. उत्तर: ‘नो सूनर डिड द बस रीच आळेफाटा दॅन शी गॉट डाउन.’ यात ‘डिड’ कर्त्याच्या आधी आला, ‘रीच्ड’चं ‘रीच’ झालं आणि मध्ये ‘दॅन’ लागला. मराठीत? ‘एसटी आळेफाट्याला पोचताच ती उतरली.’ एका ‘-ताच’मध्ये काम झालं, कर्ता जागचा हलला नाही. म्हणून गाईडमधलं तयार उत्तर वाचताना अर्थ लगेच लागतो, आणि अर्थ लागला की वाटतं, आलं! खरं तर आपण फक्त ओळखलेलं असतं. पेपर मात्र जुळणी करायला सांगतो.

ओळखणं आणि आठवून लिहिणं यांतल्या या फरकावर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा 2006 चा प्रयोग जरूर वाचा. त्यातले उतारे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकातून घेतले होते. विद्यार्थ्यांनी दोन उतारे एकदा वाचले. नंतर प्रत्येकाने एक उतारा पुन्हा वाचला; दुसरा तेवढ्याच वेळात, न बघता, आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी अंतिम चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं: पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातलं 42 टक्के आठवलं, लिहून काढलेल्यातलं 56.

इथे थांबा. संशोधकांनी फक्त पाच मिनिटांनीच मोजलं असतं तर निष्कर्ष बरोबर उलटा निघाला असता. कधी मोजायचं हा प्रयोगाच्या आखणीतला किरकोळ तपशील नाही. आणि रात्री गाईड मिटून ‘झालं’ म्हणणारी मुलं स्वतःला पाच मिनिटांनीच मोजत असतात!

शब्दसंग्रहाचंही तसंच. याच दोघांनी 2008 मध्ये स्वाहिली–इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या पाठ करायला दिल्या. एकदा आठवलेला शब्द काहींनी पुढेही आठवून पाहिला, काहींनी सोडून दिला. आठवड्यानंतर पहिल्यांना सुमारे 80 टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना साधारण एक तृतीयांश. किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज जवळजवळ सारखाच होता: निम्मे. म्हणजे ‘मला येतंय’ या भावनेवर विसंबून उजळणी ठरवू नये.

पण हे निकाल व्याकरणाला जसेच्या तसे चिकटवण्याची घाई नको. उताऱ्याच्या प्रयोगात बरोबर-चूक सांगितलं नव्हतं, तरी फायदा दिसला. ‘नो सूनर’च्या वाक्यात मात्र कुणी ‘दॅन’च्या जागी ‘व्हेन’ लिहून तेच दहा वेळा गिरवलं, तर चूकच पक्की होण्याची भीती. (‘व्हेन’ची जोडी ‘हार्डली’शी.) म्हणून उत्तर झाकून आधी स्वतः लिहायचं आणि लगेच ताडून बघायचं. शिवाय गाईडात एकाच प्रकारची वाक्यं ओळीने असतात. तिसऱ्या वाक्यापासून कुठला नियम लावायचा हा विचारच उरत नाही. पेपरात ‘टू’ काढा, व्हॉइस बदला, प्रश्नार्थक करा, सगळं एकत्र येतं. मग सरावही सरमिसळच हवा.

आता हाच प्रयोग तुम्हाला जुन्नर-आंबेगावातल्या कॉलेजांत करायचा असेल, तर गट कसे पाडाल? एका वर्गाला एक पद्धत आणि दुसऱ्याला दुसरी दिली, तर फरक पद्धतीचा की शिकवणाऱ्या सरांचा, ते कळणार नाही. चिठ्ठ्या टाकून एकाच वर्गातली मुलं दोन्हीकडे वाटलेली बरी. आणि अंतिम चाचणीत सरावातलीच वाक्यं दिली तर फक्त पाठांतर मोजलं जाईल. नियम कळलाय का ते बघायचं, तर वाक्यं नवी हवीत: नारायणगावच्या टोमॅटोवर, शिवनेरीवर, मुलांनी आधी कुठेच न वाचलेली.